पाटीवर माझं नाव

३ जाने. १९६२, अमरावती
सकाळीच नगरपालिकेचा इन्स्पेक्टर दारात. भट्टीत वाकून पाहिलं. "परवाना कुठी हाय, बाई?" निनावी तक्रार आली म्हणे. मी नानखटाई भाजते हे तिघांनाच ठाऊक. ह्यांना, भट्टी बांधून नानखटाई शिकवणाऱ्या युसूफचाचांना, अन् ती आपल्या घरून विकणाऱ्या वकिलीणबाई कुसुमताईंना. त्या गिऱ्हाइकांना सांगतात, अकोल्याच्या बहिणीच्या हातची. बौद्ध घरची म्हटलं तर कोण घेईल? मीही गप्प राहिले. दोन वर्षं.

५ जाने.
चाचांकडे गेले. त्यांच्या पोराची बेकरी आहे, म्हणून संशय. चाचा म्हणाले, "बेटी, मले लिवता कुठी येते? अंगठा लावतो मी." लाज वाटली. पण पोराला तर येतं.

९ जाने.
अर्ज दिला. कारकुनानं नाव वाचलं, मग मला पाहिलं, पुन्हा नाव वाचलं. "खाईन कोन?" म्हटलं, "खाऊन राहिले न दोन वर्षांपासून." परवाना मिळाला तर बाहेर नावाची पाटी लावावी लागेल म्हणाला. घरी कुणाला बोलले नाही.

१४ जाने.
कुसुमताई तिळगूळ घेऊन आल्या. आमच्या उंबऱ्यात पहिल्यांदाच. आत नाही आल्या. "परवान्याच्या भानगडीत कशाला पडतेस? पाटी लावावी लागते, सुलोचना. मग मी कशी विकू?"
पाटीचं यांना कोणी सांगितलं?

२ फेब्रु.
इन्स्पेक्टर पुन्हा. खिडकीला जाळी हवी, मोरी दूर हवी. बोलता बोलता फाइल उघडी राहिली. तक्रार टाइप केलेली! एक ओळ दिसली: 'बनवणारी कोण, हे खाणाऱ्यांना कळावे.' त्यानं लगेच कागदावर हात ठेवला.
टाइपरायटर वकिलांच्या घरी आहे. कुसुमताईच.

३ फेब्रु.
पण आमचे हेही कचेरीत दिवसभर टाइपच करतात. अन् दोन वर्षांपासून एकच धोसरा, "तुह्या हातचं दुसरीच्या नावानं कावून खपते?"
ती ओळ पुन्हा पुन्हा आठवून पाहते. वैऱ्याची, की...

२६ फेब्रु.
परवाना आला. दुपारी हे अंगणात पाटी रंगवत बसले. समोर जाऊन उभी राहिले. "खरं सांगा. तक्रार तुमी केली?"
मान वर केली नाही. "सुलोचनाचा सु ऱ्हस्व न?"
"मी काय इचारून राहिली?"
"ऱ्हस्वच असन."
राग आला. हसूही आलं. दोन्ही गिळले.

२७ फेब्रु.
सातला पाटी लागली. पूर्ण नाव, आडनावासकट. ताजा घाणा परातीत. कुसुमताईंचं दार बंद. त्यांच्या नेहमीच्या गिऱ्हाईक, शाळेतल्या बाई, रस्त्यानं जाता जाता थांबल्या. पाटी वाचली. पिशवी या हातातून त्या हातात घेतली.
अजून उभ्याच आहेत. मी आतून पाहून राहिले.