रस्ता वाचवण्यासाठी रास्ता रोको

जळगाव, श्रावण वद्य पंचमी

ती. मोतीलालभाऊंस धाकट्या कुसुमलतेचा जय जिनेंद्र.

तुमची साखर आणि वहिनींची कंबर दोन्ही ताळ्यावर असतील, अशी आशा करते. माझा गुडघा आहे तसाच आहे. त्याची काळजी नको, काळजी तुमच्या मेहुण्यांची आहे.

आमचं जैन स्थानक गॅलरीतून दिसतं, पण मधे हायवे. कडेला उभी राहते तर नवकाराची अख्खी माळ होते, ट्रक काही संपत नाहीत. (पुण्य मिळतं, प्रवचन मिळत नाही.) चातुर्मास लागून महिना झाला, साध्वीजींचं मी फक्त शेवटचं मांगलिक ऐकलंय. एकदा रिक्षा केली, तर वळसा घालून चाळीस रुपये घेतले. समोर जायला! आता बाहेरून बायपास झाला, म्हणून पालिकेने ठरवलं की हा हायवे उखडून झाडं, बाकं आणि पायी चालायचा रस्ता करू. मी मनातल्या मनात पेढे वाटले. आणि ह्यांनी ‘हायवे बचाव समिती’ काढली! अध्यक्ष स्वतः, कारण टायरचं दुकान. (गिऱ्हाईक कधीच बायपासला गेलंय, हे दिवसभर पेपर वाचतात.) पंक्चरवाल्या अभिमनला म्हटलं, तू तरी समजून घे. तर म्हणतो, “अक्का, गाड्या बंद व्हयन्या त मी काय लोकेस्ना पायना पंक्चर काढू?” त्याच्या पोटाचा प्रश्न आहे, त्याच्यावर राग नाही.

मग सोमवारी, रस्ता बंद होऊ नये म्हणून ह्यांनी रस्ता बंद केला! माझी चांगली सतरंजी डांबरावर अंथरून साडेआठपासून सगळे बसले. मी त्यांच्या पाठीमागून सावकाश पलीकडे गेले, पहिल्या रांगेत बसले आणि अख्खं प्रवचन ऐकलं. विषय क्रोध. (ज्यांनी ऐकायचा ते बाहेर घोषणा देत होते.) घरी आल्यावर हे म्हणतात, “कुसुम, काय वारा लागतो गं तिथे! हॉर्न नाही, धूर नाही, तोतारामनाना चहा घेऊन आले, जुनी माणसं भेटली. असा रस्ता आपण जाऊ द्यायचा?” मी कपाळाला हात लावला.

भाऊ, ते फक्त तुमचं ऐकतात. धुळ्याहून एक फेरी मारा आणि ही समिती मोडा.

तुमची,
कुसुमलता

ता.क. थांबा, येऊ नका. पुढच्या आठवड्यात पर्युषणाचे आठ दिवस लागतायत. फोन करून ह्यांना एवढंच सांगा, की एका दिवसाने सरकार हलत नसतं, सलग आठ दिवस बसा. (प्रवचनाला ते तसेही येत नाहीत.) वेळ सकाळी साडेआठ ते साडेदहा.

आणखी एक. वेळ मी सुचवली हे बोलू नका. आठव्या दिवशी संवत्सरीला वर्षभराच्या चुकांची क्षमा मी त्यांच्याकडे मागणारच आहे, त्यातच हीही घालीन.