आठवा बार

४ जानेवारी

सुरुंग उडवायचा परवाना काढायचा म्हणजे काय काय लागतं! वय बसतंय. शाळा झालीय. प्रथमोपचाराचा दाखला — मिळाला. (सरावासाठी नवऱ्याला इतक्या पट्ट्या गुंडाळल्या की शेजारीण विचारायला आली, कुठे आपटले?) आता डॉक्टरची तपासणी, उस्तादांची सही, मग तोंडी परीक्षा.

सासूबाई म्हणतात, "घरात आवाज कमी करतेस का, म्हणून खाणीत चाललीस?"

९ जानेवारी

डोळे झकास, कान खणखणीत! डॉक्टर म्हणाले, "रागावर जरा ताबा ठेवा." आता हे यांना कुणी सांगितलं?

१३ जानेवारी

उस्ताद सोमवारी सही देतो म्हणाले! त्यांच्याच हाताखाली बार भरायला शिकले. त्यांनी माझ्या अनुभवाची खात्री दिली नाही, तर परीक्षेला बसताच येत नाही.

१४ जानेवारी

घात झाला.

आठ बार भरले, वाती पेटवल्या, आडोशाला बसलो. सातच उडाले. अशा वेळी अर्धा तास कुणी तिकडे फिरकायचं नाही — उस्तादांनीच शिकवलेलं. पण डंपर खोळंबलेले, मॅनेजरची कटकट सुरू. उस्ताद उठले. "हं, बघून येतो. माझा हात बसलाय."

मी त्यांचा दंडच धरला! सगळ्यांदेखत ओरडले, "खाली बसा!"

बसले बिचारे. अर्ध्या तासाने पाहिलं तर वात ओली होती — कसला धोका न् कसलं काय! डंपरवाले फिदीफिदी हसले. उस्ताद माझ्याकडे न बघताच निघून गेले.

गेली सही. हे माझं तोंड!

१६ जानेवारी

सोमवार. सही नाही. नवरा म्हणतो, माफी माग. कशाबद्दल? मुळीच मागणार नाही! रडू मात्र येतंय.

२० जानेवारी

उस्ताद सकाळीच दारात! उभ्याउभ्या सही ठोकली. "परीक्षेतही तोंड असंच चालव." एवढंच. सासूबाईंनी त्यांना दोनदा चहा पाजला.

२ फेब्रुवारी

पास! पास! पास!

परीक्षक म्हणाले, "बार उडाला नाही आणि मॅनेजर घाई करतोय. काय कराल?" म्हटलं, "त्यांनाही खाली बसवीन." हसता हसता त्यांना ठसकाच लागला.

९ फेब्रुवारी

परवाना आला. उस्तादांना दाखवायला धावत गेले, तर ते नाहीतच. मॅनेजर म्हणाले, काम सोडलं त्यांनी. जाताना सांगून गेले — "त्या दिवशी अर्धा तास व्हायच्या आतच मी उठलो होतो. यापुढे बत्ती तिलाच देऊ द्या."

आडोशाला जाऊन ढसाढसा रडले. मग डोळे पुसले, बार उडवायच्या आधीची शिट्टी वाजवली आणि सगळ्यांना मागे सारलं.