तीनदा विसळलेली बाटली

प्रिय श्रीपाद,

तुझा कारकून महादेव सकाळपासून माझ्या व्हरांड्यात बसला आहे. स्वरालीला सामानासकट निपाणीला घेऊन ये, असा तुझा हुकूम आहे म्हणतो. मोकळ्या हातानं गेलो तर साहेब लई बोलतील, असंही म्हणतो. त्याच्या हातात काहीतरी देणं भाग आहे, म्हणून हे पत्र. फोन केला असता, पण मी बोलायला लागले की तुझ्याकडे हटकून पक्षकार येतात.

तुझा निरोप ऐकून तुझ्या मुलीनं काय केलं ते आधी सांगते. ती रडली नाही. आत जाऊन बॅग भरायला लागली. पर्यावरणशास्त्राचं शेवटचं वर्ष, पुढच्या आठवड्यात प्रात्यक्षिक परीक्षा. मी विचारलं, तुला जायचंय का? म्हणाली, बाबांनी बोलावलंय ना, आत्या. कपडे, पुस्तकं सगळं भरलं. लॅबकोट तेवढा घडी करून पलंगावर ठेवला. तो आता लागणार नाही, असं तिनं धरूनच टाकलं होतं. ते बघून माझं डोकं फिरलं. ते अजून ठिकाणावर नाही, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाच.

तो व्हिडिओ मीही पाहिला. तुझ्या त्या तंबाखूवाल्या पक्षकारानं, परशरामनं, तुला दाखवला तोच. त्याच्या गावच्या विहिरीभोवती मुली उभ्या आहेत, त्यांत बाटली धरलेली आपली स्वराली, शेजारी पांढरा झगा घातलेला माणूस. मुली विहिरीतलं पाणी बाटलीत घेतात आणि ओतून देतात, असं तीनदा. ओठ हलताहेत. खाली लिहिलंय, मिशन कॉलेजच्या पोरी विहीर बाटवताना. श्रीपाद, पाण्याचा नमुना घ्यायचा तर बाटली आधी त्याच पाण्यानं तीनदा विसळतात, नाहीतर बाटलीतलं जुनं काही तपासणीत उतरतं. मी रसायनशास्त्र शिकले तेव्हाही तसंच विसळत होते. ओठ हलताहेत, कारण दोर किती हात खाली गेला ते मोजताहेत. आणि झगा म्हणजे लॅबकोट. आत मष्णू पाटील सर आहेत. दर शनिवारी मारुतीला तेल घालून मग कॉलेजात येतात. अहवालात लावायच्या फोटोसाठी त्यांनी तो कोट घातला, एवढाच त्यांचा गुन्हा.

हे तुला मी समजावून सांगायचं? तू स्वतः त्याच कॉलेजात बारावी केलीस. नाताळात वॉर्डनबाईंच्या घरचा केक खाऊन यायचास आणि फाटकाशी उभा राहून तोंड पुसायचास, आई विचारील म्हणून. बाटलास का? इंग्रजी तेवढी सुधारली, तीही वकिलीपुरती. मला तिथं घालताना गल्लीतले लोक आप्पांना म्हणाले होते, मास्तर, पोरीला मिशनच्या कॉलेजात धाडता? आप्पा म्हणाले, तिथली प्रयोगशाळा चांगली आहे, देव आमच्या घरी आहेत. एवढं बोलून चपला घातल्या आणि मला पोहोचवायला निघाले. रोज सकाळी प्रार्थना व्हायची. मी उभी राहायचे, ऐकायचे आणि वर्गात जायचे. त्यात मला काही कमी पडलं नाही.

आता तुला माहीत नसलेलं सांगते. त्या पाण्याची तपासणी पूर्ण झाली होती. विहिरीला लागूनच उकिरडा आहे, त्याचं पाणी आत झिरपतं आणि नायट्रेट मर्यादेबाहेर गेलंय. मोठी माणसं एकवेळ निभावतात, पण तान्ह्या बाळाच्या वरच्या दुधात ते पाणी जाता कामा नये. उकळलं तरी ते जात नाही. हे गावाला सांगायचं ठरलं होतं, तेवढ्यात व्हिडिओ फिरला आणि गावातल्या पुढाऱ्यांनी कॉलेजला कळवलं, परत पाय ठेवू नका. अहवाल पडून राहिला. म्हणून परवाच्या रविवारी मी स्वरालीला घेऊन गेले. मला कोण अडवतंय ते बघायचंच होतं.

विहिरीवर नागुबाई म्हणून एक बाई धुणं धूत होती. आम्हाला बघून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, आलीसा व्हय परत? आता काय आमची म्हस बाटवायला? मी स्वरालीला म्हटलं, दाखव. तिनं बाटली तीनदा विसळली, मोठ्यानं बोलत. नागुबाईनं विचारलं, तीनदाच का गं? चारदा केलं तर तुमचा देव रागावतोय? स्वराली म्हणाली, देव न्हाय रागवत मावशी, सर मार्क कापतात. तेव्हा कुठं बाई हसली. पण तिच्या घरात तीन महिन्यांचं नातवंड आहे, सुनेला दूध पुरत नाही. स्वरालीनं नायट्रेटचं सांगितलं आणि हसणं जागच्या जागी थांबलं. आम्ही उकळून घालतोय की गं, लई वेळ उकळतोय, असं पुनःपुन्हा म्हणत राहिली. बाळ ठीक आहे, पण ते नशीब म्हणायचं. तुम्हा मंडळींच्या विहीर बाटण्याच्या काळजीत ते बाळ इतके दिवस तेच पाणी पीत होतं. आता पलीकडच्या बोअरचं पाणी आणतात.

तू फसला असतास तर मी एवढी चिडले नसते. पण मागच्या आठवड्यात तूच म्हणालास, आक्का, खरं काय ते मलाही कळतं, पण लोकांना काय सांगत बसू? जन्मभर दुसऱ्यांची बाजू मांडून पोट भरलंस, आणि स्वतःच्या मुलीची मांडायची वेळ आली तेव्हा तिला घरी बसवतोस!

एवढ्यावर मी तुला चार शब्द सुनावून मुलीला पाठवलीही असती. ती तयार होती, बाप तू आहेस. पण महादेवला चहा दिला आणि तो सहज बोलून गेला. परशरामनं व्हिडिओ दाखवताना तुला विचारलं म्हणे, वकीलसाब, ह्यातली ही पोर तुमच्यावाणी दिसतीया की. आणि तू म्हणालास, असेल कुणीतरी, मी नाही ओळखत. महादेवला वाटलं, साहेबांनी काय युक्तीनं वेळ मारून नेली. तो कौतुकानं सांगत होता. स्वराली आत होती. तिनं ऐकलं नाही, याची मी खात्री करून घेतली. तिला हे मी सांगणार नाही. पण ज्यानं मुलगी ओळखली नाही, त्याच्या माणसाच्या हवाली ती करायची कशी, हे तूच कायद्यात बघून सांग. परशरामला समोर बसवून तोच व्हिडिओ लाव, बाटली धरलेल्या मुलीवर बोट ठेव आणि म्हण, ही माझी. मग ये. परीक्षा झाल्यावर आलास तरी चालेल, ती इथंच असेल.

तुझीच,
विद्युल्लता आक्का

महादेवच्या हवाली केलं ते असं: हे पत्र. तपासणीच्या अहवालाची एक प्रत, परशरामला वाचून दाखवण्यासाठी. त्याच्याच गावच्या विहिरीच्या पाण्याची एक बाटली, तीनदा विसळून भरलेली. वाटेत खायला भाकरी आणि झुणका, महादेवपुरता. स्वरालीची बॅग रिकामी करून माळ्यावर टाकली आहे. मुलगी दिली नाही. वडिलांनी ओळख पटवून स्वतः न्यावी.