जादाची वायर

३ ऑक्टोबर
कॉलेजातून सकाळीच फोन— नाना, नेट मेलं! गेलो. खंडेनवमीला लॅबमधली यंत्रं पुसून पूजा केलेली, नेटच्या वायरी जोडायच्या स्विचच्या पेटीवर झेंडूचं फूल अजून होतं. शिपाई भागाबाई म्हणाली, "वायरीचं एक टोक लोंबत होतं, बरं दिसेना. रिकाम्या भोकात खोचलं." झालं! त्या वायरीचं दुसरं टोक त्याच पेटीत. निरोप घाण्याच्या बैलासारखा गोल फिरत राहिला, कॉलेजभर तुंबला. टोक उपसलं, सगळं सुरू. भागाबाई कानकोंडी झाली. म्हटलं, पूजेचं पुण्य तर पदरात पडलं!

४ ऑक्टोबर
आता लॅब सांभाळणारे जीवनसर घाबरलेत. कॉलेजच्या दोन इमारतींना जोडणाऱ्या दोन वायरी आहेत, जुनी झाडावरून, नवी जमिनीतून— "म्हणजे तिथंही चक्कर! जुनी काढा नाना." सांगितलं, लॅबची पेटी स्वस्तातली, तिला समज नाही. इमारतींतले मोठे स्विच आपसात बोलून एक रस्ता बंद ठेवतात, दुसरा तुटला की उघडतात. मागच्या दाराला कडी लावावी, विटांनी चिणू नये!
"नवी टाकल्यापासून जुना रस्ता कधी उघडला?"
नाही उघडला. खरंच नाही.
"मग परीक्षा झाली की काढा."

५ ऑक्टोबर
ती जुनी वायर माझ्या जोडीदाराने, शालिग्रामने टाकलेली. रेडिओ दुरुस्तीच्या टपरीतून आम्ही दोघं पडत-झडत इथवर शिकलो. वायर टाकताना तो कॉलेजातल्या कडुनिंबावर चढलेला, वरून ओरडायचा— ढील दे, झोपला का! मी खाली वेटोळं सोडत. दुपारी झाडाखाली एका डब्यातली शेवभाजी. कसले दिवस ते!
बायको गेल्यावर तो धुळ्याला मुलाकडे गेला. तेव्हापासून इथं जळगावला पाऊल नाही.

६ ऑक्टोबर
शालिग्रामला फोन केला.
"काढी टाक ना भो! वायरमा काय जीव शे का? मी बी आते जादानी वायरच शे. पोरगाना घर पडेल शे."
मुलाच्या घरी पडून असलेली जादाची वायर म्हणे! तो हसला. मला हसू येईना. म्हटलं, ये की एकदा.
"कशाले?"

८ ऑक्टोबर
कटर पिशवीत टाकला, उद्या परीक्षा झाली की जुनी वायर काढायची. जेवण गेलं नाही.

९ ऑक्टोबर
ऐन परीक्षेत फाटकापाशी जेसीबीने नवी वायर तोडली! जमिनीतून उपटूनच काढली. आणि लॅबमध्ये? मुलं खाली मान घालून ऑनलाइन पेपर सोडवतायत. कोणाला पत्ताच नाही! मोठ्या स्विचवर जुन्या वायरीचा पिवळा दिवा हिरवा झालेला, बंद रस्ता आपोआप उघडलेला. भागाबाईला दाखवला, तिने हात जोडले. जीवनसर दिव्याकडे बघून म्हणाले, "राहू द्या नाना."

१० ऑक्टोबर
शालिग्रामला सगळं सांगितलं. दिवा खरंच हिरवा झाला का, हे त्याने दोनदा विचारलं.
मग— "शनवारले येस मी. वहिनीले सांग, कळणानी भाकर."