कूलर मुलंच भरतील

आबा,

मी लॅबला निघाले. भाजी झाकून ठेवली आहे, दुपारच्या गोळ्या तांब्याजवळ आहेत.

सुट्टीभर कूलर भरण्याचं काम नंदिनी आणि साहिलचं, असं आपण ठरवलं होतं. पण चार दिवस झाले, दोघं उठायच्या आधीच टाकी भरलेली असते. काल साहिलला विचारलं तर म्हणाला, "आबाच म्हणतात, झोपा गा. तुमची माय लेकरायले काहून राबवून राहिली?"

तुमच्या हृदयाच्या ऑपरेशनला पाच आठवडे झालेत. डॉक्टरांनी पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही असं सांगितलं आहे. आपली भरलेली बादली पंधरा किलोची आहे. मी वजन करून पाहिलं.

तुम्ही धंतोलीतल्या दवाखान्यात तपासणीला गेला होतात, एवढंच मुलांना ठाऊक होतं. आज सकाळी मी त्यांना ऑपरेशन, छातीवरचे टाके, सगळं खरं सांगितलं. तुम्हाला न विचारता सांगितलं, त्याबद्दल माफ करा. नंदिनीने फक्त विचारलं, "मग कालची बादली?" मी म्हटलं, आबांनीच उचलली.

मोठी बादली शेजारी सिंधूताईंकडे ठेवली आहे. मुलं छोटीने भरतील. पाणी सांडेल, वेळ लागेल. टाकी संपली की त्यांना हाक मारा, स्वतः उठू नका.

दोघं तुमच्यावर रुसली आहेत. त्यांची समजूत काढायला म्हणूनसुद्धा पाण्याला हात लावू नका.

दिपाली