वर्षभर एकाच पत्त्यावर

१४ मार्च

ताई,

साष्टांग नमस्कार म्हणून सोडतो, वाकायला बंदी आहे. कारण पुढे येईलच.

तू बरी असशील. भाऊजींचा खोकला गेला का? माझं झकास. घरसामान हलवणाऱ्यांच्या टोळीत होतो. चौथ्या मजल्यावरून एक कपाट उतरवलं तर खाली आल्यावर मालकीणबाई म्हणतात, "आत कपडे तसेच आहेत हं." त्यांना रिकामं करायचा कंटाळा आणि सांगायचाही. तर ते कपाट... असो.

शेजारच्या खाटेवर एक ट्रकवाले काका आहेत. घोरतात असे, की ट्रक घाटच चढतोय. खाट म्हटल्यावर तू ओळखलंच असशील. मणक्यांमधली एक गादी फाटून बाहेर आली आणि पायाची नस दाबली गेली. ऑपरेशन करून तो तुकडा काढला. पाय आता पुन्हा माझा वाटतो.

मी लगेच बोचकं बांधायला घेतलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कुठे निघालास? तुकडा काढलाय, भोक तसंच आहे. आतला गर परत बाहेर येईल, नाहीतर गादी हळूहळू झिजून चपटी होईल."

भोक बुजवायचं एक नवं औषध आहे. चिकासारखं, सुईने भरतात, आत जाऊन घट्ट होतं. अजून पारखतायत, हमी देत नाहीत. अट मात्र पक्की: ओझं उचलायचं नाही, वर्षभर एकाच पत्त्यावर राहायचं, बोलावलं की तपासणीला यायचं.

"पत्ता सांग," म्हणाल्या. तोंडातून तुझा निघून गेला.

ताई, मी तुझ्याच गावात आहे. पाण्याच्या टाकीमागचं हॉस्पिटल. आल्या आल्या कळवणार होतो. पण मागच्या खेपेला मी न सांगता सटकलो, तेव्हा तू फोनवर म्हणाली होतीस, "आता येशील तर राहायला ये. पाहुणचार संपला." मला राहायला जमतं का, देव जाणे. सुईची भीती नाही गं, त्या वर्षाची वाटते. पण गादी गेली तर हिंडणंही गेलं.

उद्या सकाळी हो की नाही सांगायचंय. काकांना आज घरी सोडतायत, पत्र तेच आणतील. संध्याकाळी औषधं न्यायला ते परत इथे येतील. मी राहिलेलं चालणार असेल तर त्यांच्याकडे घराची एक किल्ली दे. नसेल तर नुसता चहा पाज, मी समजेन. साखर मागतील, देऊ नकोस.

उत्तर येईपर्यंत कुठेही न जाणारा,
तुझा धाकटा