मायनं शिक्का कुठं मारला

अप्पा, आज तुमचा लई राग आला, म्हणून लिहायला बसले.

आज आमच्या शाळेत पंचायतीचं मतदान होतं आणि पेटीपाशी माझी ड्युटी. एक जण बायकोच्या मागं मागं पुठ्ठ्याच्या आडोशात शिरला. "तिला काय कळतंय बाई, म्या दाखवतो की." मी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. बडबडत गेला मेला. पण त्याच्या तोंडाकडं बघताना मला तुम्हीच दिसलात.

तुम्ही पंचायतीला उभे राहिलात ते साल. वस्तीतला माणूस आपल्या शेजारी खुर्चीवर बसणार, हे ज्यांच्या रानात सगळी वस्ती राबायची त्या मालकांच्या घरात कुणाच्या घशाखाली उतरत नव्हतं. मतदानाच्या आदल्या दिवशी त्यांनी वस्तीतल्या सगळ्या बायकांना करडई काढायला बोलावलं. तुम्ही उंबऱ्यात आडवे. "आजच कामून? इतके दिस करडई वाळली नव्हती व्हय?" माय चिडली, "तुमाला सावलीचा बी संशय!" रोज बुडाला म्हणून दिवसभर तुमच्याशी बोलली न्हाई.

दुसऱ्या दिवशी करडईला गेलेल्या बाकीच्या बायका मतदानाला गेल्या तर बोटं काळी. करडईचे काटे मोडलेले, मालकांच्या सुनेनं बांधावरच बिब्बा तापवून चटके दिलेले, त्याचं तेल शाईसारखं काळं, धुतलं तरी न जाणारं. मालकांचा माणूस दारातच ओरडायलाय, "शाई लागलीया की! मत टाकून परत आल्यात ह्या!" मतदानाचा साहेब गुलबर्ग्याहून आलेला, शहरातला, त्याच्या बोटाला बिब्बा कधी लागलेला नसावा. आपलं गाव सीमेवरचं, बायका मराठीत ओरडतायत, तो कानडीत एकेकीला माघारी धाडायलाय. शेवटी शेजारच्या अक्कानं दोन्ही हात त्याच्या टेबलावर आपटले. "धाच्या धा बोटं काळी हायत. धा येळा मत टाकलं का म्या?" साहेब आधी हसला, मग ओशाळला, आणि सगळ्यांना आत घेतलं.

तो बिब्बा दयेचा होता का डावाचा, मला अजून ठरवता येत न्हाई. काटा मोडला की आपण बी बिब्बाच लावतो. पण त्या सुनेनं त्याआधी आपल्या बायकांच्या हाताला कधी हात लावला नव्हता, हे बी खरं.

तुम्ही हरलात, अगदी थोडक्यात. मग तुम्ही साहेबावर संशय घेतला, शाईवर घेतला, पेटी मोजणीला औरादला जाताना वाटेत कुठं थांबली म्हणून गाडीवानाला छळलंत. आणि एक दिवस जेवता जेवता मायला म्हणालात, "तू शिक्का कुठं मारलास?"

माय भाकरी उलटत म्हणाली, "पडद्याआड मारला. कुणाला सांगायचं न्हाई म्हणून तुमीच सांगत हिंडत होता न्हवं?"

"म्या नवरा हाय तुझा."

"पडद्याआड नवरा येत नसतो."

ताट सारून उठलात तुम्ही. पुढं किती वर्षं तेच. दुखण्यानं अंथरूण धरलंत तरी, पाणी पाजायला ती वाकली की, "आता तरी सांग." ती तुमचं तोंड पुसायची आणि तांब्या उचलून जायची. मला तेव्हा माय दगडाची वाटायची. जाणाऱ्या माणसाला खोटं का होईना, 'तुमालाच दिलं' म्हणायला काय जातंय? आता वाटतं, तुम्ही ते बी खरं मानलं नसतं. मालकाला आपल्या मताचा जाब विचारायचा हक्क न्हाई, हे तुम्ही सगळ्या वस्तीला शिकवलंत. घरात मात्र तुम्हीच मालक झालात, अप्पा. ह्याचाच राग आला आज.

माय बी गेली औंदा, पोळ्याच्या आधी. जायच्या चार दिस आधी तिनं मला जवळ बसवून, मी न विचारता, सगळं सांगितलं. कबूल करते, हा कागद घेतला तो तेच तुम्हाला कळवायला. पण इथवर आले आणि हात चालेना.

मला म्हाईत हाय, अप्पा. सांगणार न्हाई.